डायव्हिंगचं प्रेशर गेज: कोणतं घ्यावं आणि खाऱ्या पाण्यात कसं टिकवावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अंदमानात ओपन वॉटर हा डायव्हिंगचा पहिला कोर्स झाला, त्यानंतर कर्नाटकातल्या नेत्राणी बेटावर चार डाइव्ह झाले. तिथल्या भाड्याच्या सेटवरचं गेज, म्हणजे टाकीत किती हवा उरली ते दाबावरून दाखवणारं यंत्र, होडीवर परत आल्यावर, सगळी हवा सोडून दिली तरी २० बारच्या खाली उतरेना. विचारलं तर 'ते तसंच आहे, लक्षात ठेवा' असं उत्तर मिळालं. म्हणून आता स्वतःचं गेज घ्यायचं ठरवलंय. पितळी घ्यावं की प्लास्टिकचं, बारचं की पीएसआयचं (ही दाबाची दोन एककं), की सरळ ट्रान्समीटर घेऊन मनगटावरच्या कॉम्प्युटरवर हवा पाहावी? आणि घेतलेली वस्तू पुण्यातल्या फ्लॅटमध्ये पावसाळाभर कशी ठेवावी?

खरेदीचं उत्तर दोन ओळींत देता येईल. पितळी बॉडीचं, काचेच्या डायलचं, बारमध्ये मोजणारं एक साधं काट्याचं गेज घ्या, सुमारे ६० सेंटिमीटरच्या नळीवर लावा आणि डायव्हिंगच्या जॅकेटवरच्या डाव्या कमरेच्या रिंगला अडकवा. ट्रान्समीटर हवा असेल तर नंतर, आणि तोही या गेजच्या जोडीला. पण खरेदीआधी त्या २० बारवर नीट बोलायला हवं, कारण 'लक्षात ठेवा' हे उत्तर मला अस्वस्थ करतं.

हिशोब मांडून बघा. आपल्याकडे सर्रास मिळणारी ॲल्युमिनियमची टाकी, जिला सगळे 'एटी' म्हणतात, तिच्यात ११.१ लिटर पाणी मावतं. म्हणजे गेजवरचा १ बार म्हणजे साधारण ११ लिटर हवा. नवीन, जरा जोरात श्वास घेणारा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा वापरतो असं धरू. १८ मीटरवर दाब २.८ पट असतो, म्हणजे तिथे मिनिटाला ५६ लिटर, गेजवर मिनिटाला ५ बार. आता १८ मीटरवरून वर येण्याचा खर्च बघा. मिनिटाला ९ मीटर या वेगाने वर यायला २ मिनिटं आणि ५ मीटरवर सुरक्षेसाठी ३ मिनिटांचा थांबा. दोन्हींना मिळून दीडशे-पावणेदोनशे लिटर, म्हणजे साधारण १५ बार लागतात. तुमच्या गेजने लपवलेले २० बार म्हणजे वर येण्याची आणि थांब्याची सगळी हवा. गेज ५० दाखवत होतं तेव्हा टाकीत कदाचित ३० होते, आणि त्या दिवशी जोडीदाराला हवा द्यायची वेळ आली असती तर?

आणि हा फरक सगळ्या डायलवर सारखाच असेल असंही नाही. शून्यावर २० चुकणारा काटा कदाचित २०० वर ५ ने चुकेल, १०० वर ३० ने. त्यामुळे 'वीस वजा करा' हा उपाय नाही. असं गेज हातात आलं तर दुसरं मागा, आणि मिळालं नाही तर तो डाइव्ह सोडा. त्याबद्दल कुणाचीही भीड बाळगू नका.

मला हे शिकवणारा डाइव्ह गोव्याचा. होडी कुणाची, सामान कुणाचं ते सोडून देतो. मी आणि माझा जोडीदार १५ मीटरवर होतो. मी हाताने विचारलं, त्याने १२० दाखवलं. सात-आठ मिनिटांनी पुन्हा विचारलं, पुन्हा १२०. दाखवताना त्याचा चेहरा अगदी निवांत होता, हवा छान पुरतेय असंच त्याला वाटत होतं. मी मनातल्या मनात गुणाकार केला: १५ मीटर, अडीच पट, मिनिटाला चार बार तरी गेलेच पाहिजेत. म्हणजे आत्तापर्यंत ९० च्या आसपास असायला हवं. मी जवळ गेलो, त्याच्या गेजच्या काचेवर बोटाच्या नखाने दोनदा टिचकी मारली. काटा थरथरला आणि सरकन ८५ वर आला. डाइव्ह तिथेच संपवून वर आलो. त्याच संध्याकाळी ते गेज मालकाच्या परवानगीने उघडलं. आतल्या चिमुकल्या दातेरी चाकावर हिरवट थर चढला होता, दोन दातांमध्ये मिठाचा पांढरा खडा बसला होता. तांदळाच्या कणीच्या निम्म्याएवढाही नसेल.

तेव्हापासून मी प्रत्येक विद्यार्थ्याला एकच सवय लावतो: गेज बघायच्या आधी आकडा मनात म्हणा. 'मघाशी १५० होते, पाच मिनिटं झाली, आता १३० असावेत,' आणि मग बघा. अंदाज आणि काटा जुळले तर पुढे चला. नाही जुळले तर दोघांपैकी एक चुकतोय, आणि कोण ते कळेपर्यंत वर यायच्या तयारीला लागा. काट्याकडे फक्त विचारणा करायला जाणारा माणूस अडकलेल्या काट्यावरही विश्वास ठेवतो. आधी आकडा बांधून जाणारा ठेवत नाही.

आता आत काय असतं ते थोडं सांगतो, कारण जपायचं कसं हे त्यातूनच कळतं. या गेजचं हृदय म्हणजे बूर्दों नळी. युजेन बूर्दों या फ्रेंच माणसाने १८४९ मध्ये तिचं पेटंट घेतलं, वाफेच्या इंजिनांच्या काळात. बाजूने दाबलेली, चपट्या छेदाची, इंग्रजी सी अक्षरासारखी किंवा गुंडाळीसारखी वाकवलेली धातूची पोकळ नळी. एक टोक टाकीकडून येणाऱ्या हवेला जोडलेलं, दुसरं बंद. आत दाब वाढला की नळी सरळ व्हायला बघते. जत्रेतली ती कागदाची पुंगी आठवा, फुंकली की उलगडणारी. तसंच, फक्त हालचाल अगदी बारीक. सीच्या आकाराच्या नळीचं टोक जेमतेम काही मिलिमीटर हलतं, मग एक दांडी, दातेरी तुकडा आणि छोटं चाक मिळून ती हालचाल मोठी करून काट्याला देतात. गुंडाळीच्या प्रकारात काटा थेट नळीच्या टोकाला बसतो. हलणारे भाग कमी, म्हणून अडकण्याची जागाही कमी. दुकानदाराला विचारता आलं तर हे विचारा.

यातून तीन गोष्टी निघतात. गेजला बॅटरी लागत नाही. आत बारीक यंत्र आहे, त्यामुळे आपटणं आणि मीठ हे त्याचे शत्रू. आणि नळी म्हणजे एक स्प्रिंग आहे. तिला एकदम हिसका दिला तर ती हळूहळू आपला मूळ आकार विसरते. काटा शून्यावर न येण्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

निवडीकडे वळतो. सगळ्यात आधी वाचता येतं का ते बघा. मालवणला पाऊस संपल्यावर सुरुवातीच्या आठवड्यांत पाणी इतकं गढूळ असतं की हात लांब केला तर बोटं धूसर दिसतात. अशा पाण्यात बारीक आकडे, दोन-दोन एककं आणि रंगीत नक्षी असलेला डायल निरुपयोगी. पांढऱ्या किंवा अंधारात चमकणाऱ्या पार्श्वभूमीवर जाड काळे आकडे, ५० च्या खाली ठळक लाल पट्टा, आणि काट्याचं टोक आकड्यांपर्यंत पोचणारं. दुकानात गेज हातभर लांब धरून, एक डोळा मिटून वाचून बघा. चाळिशी लागलेली असेल तर चष्म्याशिवाय वाचा, कारण मास्कमध्ये चष्मा नसतो. पाण्यात वस्तू जरा मोठी दिसते, तेवढा फायदा मिळतो, पण त्यावर विसंबू नका.

बार की पीएसआय, याला मी बार म्हणतो, आणि तुमच्या बाबतीत तर नक्कीच, कारण तुमचं शिक्षण बारमध्ये झालंय. लिटर आणि बार यांचा गुणाकार मनात होतो; पीएसआयमध्ये तो होत नाही. १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. खरी अडचण अशी की एकाच होडीवर दोन्ही प्रकारची गेजं सापडतात, आणि '५०० ला वर या' असं एकाने सांगितलं, '५० ला' असं दुसऱ्याने सांगितलं तर दोन्ही एकच वाटतं. ते एक नाही. ५०० पीएसआय म्हणजे जेमतेम ३४ बार. ५० बार म्हणजे ७२५ पीएसआय. जोडीदाराचं एकक वेगळं असेल तर उडी मारायच्या आधी कोरड्यावर ठरवून घ्या की कोणत्या आकड्याला वळायचं.

स्केल किती मोठं हवं? आपल्या टाक्या २०७ बारच्या, स्टीलच्या २३२ च्या, काही ३०० च्या असतात. ३६० किंवा ४०० पर्यंतचं गेज सगळ्यांना चालतं. जास्त मोठ्या स्केलचा हव्यास नको. काट्याची चूक सहसा पूर्ण स्केलच्या टक्क्यांत मोजतात. समजा ४०० च्या गेजची अचूकता २ टक्के आहे, तर चूक ८ बारपर्यंत जाऊ शकते, आणि ती २०० वर कुणाच्या लक्षातही येत नाही. ५० वर मात्र तेच ८ बार म्हणजे सहावा हिस्सा. म्हणून नवीन, उत्तम गेज असलं तरी '५० ला होडीजवळ' हा नियम मी '६० ला' असा पाळतो.

पितळी की प्लास्टिक, यात मी पितळीकडे झुकतो. पितळेवर क्रोमचा मुलामा असतो, काच जाड असते, आणि मुलामा गेला तर तो डोळ्यांना दिसतो. प्लास्टिकचं हलकं आणि स्वस्त, विमानाच्या वजनात बरं पडतं, पण पारदर्शक झाकणाला ओरखडे लवकर पडतात. त्यापेक्षा मोठा प्रश्न मला कन्सोलचा वाटतो. गेज, डेप्थ गेज, होकायंत्र असं सगळं एका रबरी साच्यात बसवलेलं असतं, आणि ते लोढण्यासारखं लांब नळीवर खाली लोंबत राहतं. नेत्राणीच्या खडकांवर ते घासतं, प्रवाळ तोडतं, काच खरवडून घेतं. आणि त्या रबरी साच्याच्या आत, गेज आणि रबर यांच्या फटीत, खारं पाणी अडकून सुकतं. मी जुने कन्सोल उघडतो तेव्हा आत पांढऱ्या पिठासारखा थर दिसतो, खाली पितळ खाल्लेलं. म्हणून एकच सुटं गेज, रबरी कव्हर नसलेलं. कव्हर असलंच तर दर वेळी काढून धुवायचं.

नळीची लांबी ही लोक विचारात घेत नाहीत. कन्सोलबरोबर येणारी नळी ८०-९० सेंटिमीटरची असते. सुटं गेज डाव्या कमरेच्या डी-रिंगला अडकवायचं तर ६० च्या आसपासची नळी अंगालगत नीट बसते. तुमची उंची, जॅकेटची रिंग कुठे आहे, हे लक्षात घेऊन दोरीने मोजून मग मागवा. अडकवायला स्टीलची क्लिप, पण ती गेजच्या मानेला नायलॉनच्या दोरीने बांधा, धातूच्या कडीने नको. आपल्या किनाऱ्यावर खडकात तुटकी जाळी अडकलेली असतात. क्लिप जाळ्यात गुंतली तर दोरी सुरीने कापता येते, कडी कापता येत नाही.

आता ट्रान्समीटर. फर्स्ट स्टेजला, म्हणजे श्वास घ्यायच्या रेग्युलेटरच्या टाकीवर चढणाऱ्या भागाला बसतो, मनगटावरच्या कॉम्प्युटरला दाब कळवतो, आणि या वेगाने हवा किती मिनिटं पुरेल तेही सांगतो. मी वापरतो आणि मला आवडतो. शिकवताना मान न वळवता आकडा दिसतो. पण बॅटरी संपते, जोडणी तुटते, शेजारच्या डायव्हरच्या फ्लॅशच्या वेळी आकडा गायब होतो, आणि होडीवर कुणी ना कुणी टाकी उचलताना त्यालाच मूठ समजून धरतो. त्यामुळे ज्याच्याकडे एकच साधन घ्यायचे पैसे आहेत त्याने काट्याचं घ्यावं. दोन्ही असतील तर ते एकमेकांचे साक्षीदार होतात, आणि मला त्यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. विजयदुर्गपासून समुद्रात सुमारे १०० किलोमीटर आत असलेल्या आंग्रिया बँक या पाण्याखालच्या प्रवाळ पठारासारख्या जागी कधी गेलात तर तिथे दुकान नाही. ट्रान्समीटर आणि काटा दोन्ही लावूनच उतरा, आणि पेटीत एक गेज सुटं ठेवा.

जपण्याचा भाग टाकी उघडण्यापासून सुरू होतो. व्हॉल्व्ह हळू उघडा. पहिला पाव फेरा इतका सावकाश की काटा चढताना दिसला पाहिजे. एकदम उघडला की २०० बारचा हिसका त्या स्प्रिंगसारख्या नळीवर बसतो, आणि अचानक दाबली गेलेली हवा तापते ते वेगळंच. उघडताना गेजची काच कुणाच्या तोंडाकडे नको, तुमच्याही नाही. आतली नळी फुटली तर दाब बाहेर पडायला बहुतेक गेजांच्या पाठीला एक बूच ठेवलेलं असतं. तिथे तळहात दाबून धरू नका. मी गेज जॅकेटच्या कापडावर पालथं टाकतो आणि मग उघडतो.

आणि मग व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. जुन्या लोकांनी 'पूर्ण उघडून पाव फेरा मागे' असं शिकवलंय, मलाही तसंच शिकवलं होतं. मी ते सोडून दिलं, कारण घाईत माणूस उलटं करतो: बंद करून पाव फेरा उघडतो. त्या टाकीचं गेज होडीवर अगदी बरोबर २०० दाखवतं, कारण कुणी श्वास घेत नसताना त्या फटीतूनही दाब पूर्ण भरतो. खाली गेल्यावर मात्र प्रत्येक श्वासाला हवा जास्त लागते आणि ती फट पुरत नाही. श्वास जड होतो, माणूस घाबरतो, आणि दोन श्वासांच्या मध्ये गेज अजूनही २०० म्हणत असतं. याची परीक्षा काही सेकंदांची आहे. रेग्युलेटर तोंडात, डोळे काट्यावर, आणि चार-पाच खोल जोरदार श्वास. काटा हलता कामा नये. प्रत्येक श्वासाला खाली जाऊन परत वर येत असेल तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे. नुसता खाली खाली जात असेल तर टाकी बंदच आहे, तुम्ही नळीतली उरलेली हवा घेताय. ही परीक्षा होडीच्या कडेवर बसल्यावर करा, आधी नाही, कारण मधल्या वेळात मदत म्हणून कुणीतरी तुमच्या व्हॉल्व्हला हात लावून गेलेलं असतं.

दुपारच्या होडीवर आणखी एक गोष्ट फसवते. उन्हात तापलेली टाकी ५० अंशांवर २२० बार दाखवते. ती २८ अंशांच्या पाण्यात गेली की हवा न वापरताही सुमारे २०५ वर येते. पहिल्या काही मिनिटांत १५ बार 'गेले' म्हणून घाबरू नका, आणि २२० धरून डाइव्हचा बेतही आखू नका. टाक्यांवर ओला पंचा किंवा ताडपत्री टाकायला सांगा.

पाण्यात गेजच्या मानेजवळून बारीक बुडबुड्यांची माळ सुटताना दिसली तर घाबरण्याचं कारण नाही, पण ते दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. गेज आणि नळी यांच्या मध्ये एक छोटी फिरती नळी असते, तिच्या दोन्ही टोकांना एकेक ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, धण्याच्या दाण्याएवढी. तिचा आकार ००३ या क्रमांकाने मागायचा. दाब असताना गेज वाचायला गरगर फिरवलं की ती झिजते. गेजची दिशा बदलायची असेल तर दाब नसताना बदला. बदलणं घरी जमतं: दाब पूर्ण काढा, काटा शून्यावर आला म्हणून विश्वास न ठेवता रेग्युलेटर टाकीपासून सोडवाच, मग दोन पाने (स्पॅनर) लावून, एकाने गेजची मान धरून आणि दुसऱ्याने नळीचा नट फिरवून उघडा. चिमट्याने जुन्या रिंगा काढा, सिलिकॉन ग्रीसचा अगदी नखभर हात फिरवून नव्या बसवा. परत आवळताना जोर लावायचा नाही. गळती ओ-रिंग थांबवते, तुमचं मनगट नाही. जोराने फक्त आटे खराब होतात. मी या रिंगांची पुडी आणि दोन छोटे पाने औषधाच्या डबीत कायम ठेवतो. पहिल्यांदा मात्र एखाद्या जाणत्या माणसासमोर बसून करा.

बुडबुडे मानेतून न येता गेजच्या काचेच्या कडेने किंवा पाठीतून येत असतील तर गोष्ट वेगळी. आतली बूर्दों नळी गळतेय, आणि जी पेटी दाबासाठी बनवलेलीच नाही तिच्यात दाब भरतोय. वर आल्यावर टाकी बंद करा, ते गेज टाकून द्या. दुरुस्तीच्या नादी लागू नका. तसंच काचेच्या आत धुकं किंवा थेंब दिसले की मी त्या गेजला महिन्याभराचा पाहुणा समजतो. पाणी आत गेलं म्हणजे गोव्याच्या त्या गेजमधला हिरवा थर सुरू झालाच.

गेजची उच्च दाबाची नळी पाण्यात फुटली तर मोठा आवाज होतो, बुडबुड्यांनी काही दिसत नाही. पण या नळीच्या टोकाशी मुद्दाम सुईच्या अग्राएवढंच भोक ठेवलेलं असतं, त्यामुळे टाकी तोंडातल्या रेग्युलेटरची नळी फुटल्यावर रिकामी होते त्यापेक्षा खूप सावकाश रिकामी होते. जोडीदाराला खूण करा, त्याच्याजवळ जा, आणि श्वास घेत सावकाश वर या. फुटण्याची वेळ येऊ नये म्हणून नळीच्या दोन्ही टोकांचे रबरी आवरणाचे तुकडे मागे सरकवून बघत चला. नळी तिथे संरक्षित वाटते, आणि गंज नेमका तिथेच लपतो. मुरगळली, फुगली, चिरा पडल्या, किंवा धातूच्या टोपीखाली हिरवं दिसलं की नळी बदला. काहीच दिसलं नाही तरी मी पाच वर्षांनी बदलतोच. बसवताना ती फर्स्ट स्टेजवर 'एचपी' (उच्च दाब) लिहिलेल्या भोकालाच लावा. त्याचे आटे मोठे असतात, त्यामुळे आजच्या रेग्युलेटरवर कमी दाबाची नळी तिथे घट्ट बसत नाही. बसवताना अडकलं तर जोर न लावता थांबा.

धुण्याबद्दल एक गैरसमज दूर करतो. लोक होडीवरच्या पिंपात सगळं बुचकळून काढतात आणि झालं म्हणतात. त्या पिंपात दिवसाच्या शेवटी पाणी कमी आणि मीठ जास्त असतं. शिवाय फर्स्ट स्टेजची धुळीची टोपी सैल असेल तर तेच पाणी आत, नळीतून थेट गेजच्या पोटात जातं. टोपी कोरडी करून, घट्ट लावून मगच पाण्यात घाला. टाकीवर चढवून दाबाखाली धुता आलं तर सगळ्यात उत्तम. पाण्यात असताना तोंडाच्या रेग्युलेटरचं बटण दाबू नका, त्यानेही पाणी मागे ओढलं जातं. खोलीवर गेल्यावर गोड्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजत ठेवा, मान आणि क्लिप हाताने फिरवून, रबर मागे सरकवून चोळा, आणि सावलीत टांगा. गेज नळीच्या टोकाला वजनासारखं लोंबत ठेवायचं नाही; नळी मोठ्या वेढ्यात दोन खुंट्यांवर पसरा.

पुण्यातल्या फ्लॅटसाठी: जूनमध्ये होड्या बंद झाल्या की सामान पूर्ण सुकवून, नळीचा किमान थाळीएवढा वेढा करून, सुती पिशवीत कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह. प्लास्टिकच्या बंद पिशवीत नको, आत दमट राहतं. बाल्कनीत नको, ठिणग्या पडणाऱ्या मोटरजवळ नको, कारण तिथला ओझोन रबराला तडे पाडतो. आणि गाडीच्या डिकीत तर अजिबात नको.

ऑक्टोबरमध्ये पहिल्या डाइव्हआधी दुकानात जाऊन एक काम करा. त्याच टाकीवर तुमचं गेज आणि दुकानातलं भरवशाचं एखादं गेज किंवा कुणाचा ट्रान्समीटर एकापाठोपाठ लावून २००, १०० आणि ५० च्या आसपास वाचून घ्या. मधली हवा रेग्युलेटरच्या बटणाने सावकाश सोडा, आणि काटा एकसारखा, न अडखळता खाली येतो का ते शेवटपर्यंत बघा. काही गेजांत शून्याशी एक खिळा असतो ज्यावर काटा टेकतो, त्यामुळे नुसतं शून्य दिसणं पुरेसं नाही; ५० चा आकडा जुळला पाहिजे. तिन्ही आकडे मार्करने कागदाच्या पट्टीवर लिहून गेजच्या पिशवीत टाका, तारखेसह. पुढच्या ऑक्टोबरला तीच पट्टी काढा आणि फरक ५ बारपेक्षा जास्त दिसला तर मला कळवा, आपण मिळून ते गेज उघडून बघू.